पाणीमंत्र्यांचा एक सल्ला

आमच्या यांना इमारतीत सगळे पाणीमंत्री म्हणतात. नोकरी मात्र केली एका कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींच्या धुळीत शिंकत. पाण्याशी तिथे संबंध आलाच तर तो एवढाच, की ते आत येऊ द्यायचं नाही. पण लग्नानंतर पहिल्यांदाच भाड्याने घेतलेल्या घरात एका सकाळी स्वयंपाकघरातला पाइप फुटला आणि मेन कॉक कुठे आहे हे आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. हे पाइपवर अंगठा दाबून उभे, मी जिना चढत-उतरत दारं ठोठावतेय, आणि गाद्या पाण्यात. कुणीतरी येऊन कॉक बंद करेपर्यंत यांचा अंगठा पांढराफटक पडला होता. त्या दिवशी यांनी कानाला खडा लावला. दुसऱ्या दिवशी घरी आले ते पाना घेऊन.

तेव्हापासून हा माणूस पाण्याचा झाला. महिन्यातून एकदा घरातला प्रत्येक कॉक पूर्ण बंद करून पुन्हा उघडायचा, नाहीतर तो जाम होतो आणि ऐन वेळी फिरत नाही. नळ थेंब-थेंब गळायला लागला की आवळत बसायचं नाही, वॉशर बदलायचा. नळाच्या मानेला बादली लटकवायची नाही. उघड्या पाइपवर ओले कपडे टाकायचे नाहीत. गावाला निघालो की सामान दाराबाहेर, मी दाराबाहेर, आणि हे आत मेन कॉकपाशी. "फिरवला का? नक्की फिरवला?" असं स्वतःलाच विचारत परत आत. एकदा यापायी आमची गाडी चुकली. मी तीन दिवस बोलले नाही, पण कॉक बंद होता.

आणि खिळ्यांबद्दलचं यांचं भाषण तर पोरांनाही पाठ होतं. नळ दिसला की त्याच्या सरळ वर आणि सरळ आडवा खिळा मारायचा नाही, कारण भिंतीच्या आत पाइप त्याच वाटेने जातो. कुणी नवीन राहायला आलं की हे स्वागताला जायचे आणि चहा व्हायच्या आत हे सांगून मोकळे व्हायचे. लोक हसायचे, पण घरात काही फुटलं, गळलं, तुंबलं की आधी आमचीच बेल वाजायची. प्लंबरला बोलवायचं की नाही हेही यांना विचारून ठरायचं. मला उगाच नावं ठेवायची सवय आहे, तरी खरं सांगते, त्या बेलचा मलाही अभिमान वाटायचा.

मग दोन वर्षांपूर्वी मी बहिणीकडे गेले असताना यांनी आमच्या घरातल्या बोळात एक खिळा मारला.

हे मला खूप नंतर कळलं, पण तुम्हाला आताच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं तुम्ही माझ्यासारखं आंधळेपणाने पाहणार नाही. यांना हत्यारांची पिशवी टांगायला खिळा हवा होता. बोळातली भिंत रिकामी होती, समोर नळबिळ काही नाही. हे विसरले ते एवढंच, की त्या भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे आणि नळ त्या बाजूला आहे. दोन घाव टणक बसले. तिसरा मऊ बसला. खिळ्याच्या कडेने पाण्याची बारीक धार आली. यांच्या तोंडचं पाणी पळालं. घाबरून यांनी खिळा अजून एक घाव आत घातला, आणि धार थांबली. खिळ्यानेच भोक बुजवलं होतं. हे तिथेच जमिनीवर बसले, भिंत पुसली, आणि उद्या प्लंबरला बोलवू असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी नेमकं तिसऱ्या मजल्यावरचं कुणीतरी आलं, "मंत्रीसाहेब, जरा आमच्याकडे येता का, खिळा कुठे मारायचा ते दाखवायला?" हे गेले, भिंतीवर पेन्सिलने खुणा करून दिल्या, चहा पिऊन आले. त्यानंतर प्लंबरला काय म्हणून बोलवायचं? प्लंबर सगळ्या इमारतीत सांगत सुटला असता. बाहेर पाणी दिसत नव्हतं. खिळा गप्प होता, म्हणून हेही गप्प बसले.

मी परत आले तर बोळात, कमरेएवढ्या उंचीवर, भिंतीवरचं घड्याळ.

"अहो, हे इथे कुणी लावलं?"

"मी. बसून बूट घालताना वेळ दिसते."

"आणि उभ्या माणसाने काय करायचं?"

"वाकायचं. व्यायाम होतो."

मी दोनदा ते काढायला गेले, दोन्ही वेळा हे मधे आले. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस गुडघ्यावर हात टेकून वेळ बघायचा आणि मंत्र्यांना साठी बाधली म्हणून हसायचा. मीही हसायचे. माणूस काही ना काही हट्ट धरतोच, हा निदान बिनखर्चाचा, असं मला वाटायचं.

आता आमच्या खाली कोण राहतं ते सांगते. शिवणबाई. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवण शिकवलं, म्हणून हे नाव. खरं नाव विचारलं तर त्यांनाही क्षणभर थांबावं लागेल. एकट्याच राहतात. त्यांचं लहानपण गेलं मोठ्या कुटुंबात, एका नळावर, रांगेत. पुढे शाळेची घाई. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच चैन केली. बाथरूममध्ये हीटर आणि शॉवर लावून घेतला. सकाळची कामं आटोपली की बाई आत जायच्या आणि अर्धा तास बाहेर यायच्या नाहीत. "इतका वेळ काय करता हो आत?" मी विचारायचे. "काही नाही," त्या म्हणायच्या, "मागे कुणी उभं नाही याची मजा घेते."

त्यांच्या बोळाच्या भिंतीला ओल आली. भिंतीत वरच्या अंगाला छतापर्यंत कपाट आहे, त्यामुळे ओल दिसली ती कपाटाच्या खाली, त्यांच्या बाथरूमच्या दाराशेजारी. वरून काही येत असेल असं कुणाच्या मनातही आलं नसतं. बाईंनी अर्थातच यांना बोलावलं. मीही बरोबर होते. यांनी चष्मा लावला, बोटाच्या पेराने भिंत ठोकली, बाथरूममध्ये जाऊन फरशी पाहिली. मला आठवतंय, हे जरा जास्तच वेळ आत होते. बाहेर आले ते भिंतीकडे बघतच बोलले.

"बाई, फरशीच्या सांध्यांतून पाणी मुरतंय. सांधे भरून घ्या. आणि पाणी जरा बेतानं वापरा."

"तरी मला वाटलंच," बाई म्हणाल्या. "मीच फार सांडते पाणी."

हे नंतर मला म्हणाले, की ते वाक्य बोलायचं असं ठरवलं नव्हतं, तोंडातून आपोआप गेलं. असेल. पण ते परत घ्यायला पुढचे कितीतरी महिने मोकळे पडले होते, आणि ते काही यांनी घेतलं नाही.

बाईंनी गुडघ्यावर बसून स्वतः पांढरं सिमेंट भरलं. ओल हटली नाही. पोपडे धरले. त्यांनी खरवडून रंग लावला. महिनाभराने रंगाला फुगे आले. जिन्यात भेटल्या की हे खाली मान घालून विचारायचे, "ओल कशी आहे?" आणि त्या मान खाली घालून सांगायच्या, "आहे हो अजून. माझंच कुठेतरी चुकतंय." दोघंही खाली बघत बोलायचे. मला वाटायचं, वय झालं, पायऱ्या बघत चालतात.

यांचंही काहीतरी बिनसलं होतं. खिळ्याचं भाषण बंद झालं. बेल वाजली की दचकायचे. कुणी "मंत्रीसाहेब" म्हटलं की वसकन अंगावर जायचे. मी डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागले, डॉक्टरांनी रक्तदाब तपासला आणि मीठ कमी करायला सांगितलं. मीठ कमी केलं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी माझ्या नवऱ्याच्या पडलेल्या चेहऱ्याचा दोष मिठाला दिला, याची मला आजही लाज वाटते.

मग एकदा मी पडद्यांना टीप मारून घ्यायला खाली गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. हाक मारत आत गेले तर बाई बाथरूमच्या जमिनीवर गुडघे टेकून, जुन्या चादरीच्या फडक्याने फरशी पुसत होत्या. शेजारी कपडे भिजवायचा प्लॅस्टिकचा मोठा टब, त्यात थोडंसं साबणाचं पाणी.

"हे काय चाललंय?"

"अंघोळ झाली," त्या म्हणाल्या. "टबात उभी राहून करते आता. दोन मग पुरतात. मग तो टब उचलून संडासात ओतायचा. फरशीला थेंब लागू देत नाही. तरी उडतातच चार शिंतोडे, ते पुसते."

"रोज?"

"मग? तुमच्या मंत्र्यांनी सांगितलंय ना. ऐकायला नको?" आणि हसल्या. "टबात चढताना तेवढी भिंत धरावी लागते. गुडघे कुरकुरतात."

मी शॉवरकडे पाहिलं. त्याच्या तोंडाला त्यांनी कापडाची टोपी शिवून घातली होती, धूळ बसू नये म्हणून. टोपीला छान गोट लावलेला होता.

दुपारी जेवताना मी हे सगळं यांना सांगितलं, आणि खरं सांगायचं तर गंमत म्हणूनच सांगितलं. टब, दोन मग, टोपी. यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. उठले, बोळात गेले, आणि घड्याळ काढून माझ्यासमोर आणून ठेवलं.

"ये," म्हणाले. "तुला काहीतरी दाखवायचंय."

खिळा गंजून तांबडा झाला होता आणि त्याच्या खाली गंजाचा ओघळ सुकला होता. भिंतीला हात लावला तर गार, पाणी आतल्या आत खाली उतरत होतं. यांचं सगळं सांगून झाल्यावर मी पहिल्यांदा काय बोलले ते इथे लिहीत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. "ती बाई म्हातारपणी टबात उभी राहतेय, आणि तुम्ही घड्याळं टांगताय?" एवढं मात्र लिहायला हरकत नाही.

"आता खाली जा आणि सांगा," मी म्हटलं.

"आधी दुरुस्त करतो. मग सांगतो. रिकाम्या हाताने कसं जाऊ?"

मला ते पटलं, हे मी कबूल करते. चूक सांगायची तर निदान निस्तरून सांगावी. प्लंबर आला, ज्याला हे वर्षानुवर्षं 'सांधे जोडणारा नव्हे, सांधे झाकणारा' म्हणत आले होते तोच. मेन कॉक बंद झाला, गिलावा फुटला, खिळ्यासकट पाइपचा तुकडा कापून बाहेर आला. प्लंबरने तो उन्हात धरून पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं.

"मंत्रीसाहेब, तुम्ही?"

प्लंबर भला माणूस. नवा तुकडा बसवला, सांध्यावर कागद धरून थेंब येत नाही ना ते पाहिलं, आणि निघताना म्हणाला, "कुणी विचारलं तर पाइप जुना होता, गंजला, एवढंच सांगीन. होतं असं." मला वाटलं, हे म्हणतील की नको, खरं सांग. हे म्हणाले, "चहा घेणार का?"

मग नवीन टाळाटाळ सुरू झाली. भिंत वाळू दे, मग सांगतो. ओल तशीच असताना सांगितलं तर त्यांना काय समाधान? मी रोज विचारायचे, हे रोज भिंतीवर ढकलायचे. आणि भिंत वाळू लागली, हळूहळू, कडेकडेने.

एका सकाळी बेल वाजली. दारात शिवणबाई. चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता. हातात जाड कापडाची शिवलेली पिशवी. पान्याला वेगळा कप्पा, टेपच्या रिळाला वेगळा, वॉशरसाठी बटण लावलेला चिमुकला खिसा.

"मंत्रीसाहेब, जिंकलात तुम्ही!" त्या आत येत म्हणाल्या. "भिंत वाळली. हात लावून बघा, खडखडीत! मीच मूर्ख. दोन मग, दोन मग करत बसले. गेल्या महिन्यात म्हटलं, अजून कमी करून बघू. आता अंघोळ आठवड्यातून एकदाच, बाकी दिवस ओल्या कापडाने अंग पुसते. आणि लगेच फरक! तुम्ही पहिल्याच दिवशी सांगत होतात, मला मेलीला अर्धवट ऐकायची खोड. आता हा नेम शेवटपर्यंत. ही घ्या, तुमच्यासाठी शिवली."

पिशवी यांच्या हातात देऊन, चहालाही न थांबता त्या खाली गेल्या. हे पिशवी धरून उभे. तो छोटा खिसा बटण लावून पक्का बंद होता.

म्हणजे गुपचूप दुरुस्ती करून आम्ही काय साधलं? खोट्याला पुरावा दिला. भिंत ओली होती तोवर बाईंना निदान शंका तरी होती. आता ती वाळली, तर त्यांची खात्रीच पटली, की आपलंच पाणी आपल्याला नडत होतं. आता त्या मरेपर्यंत कोरड्या राहिल्या असत्या, आणि वर यांना धन्यवाद दिले असते.

"वापरणार ही?" मी पिशवीकडे बोट दाखवून विचारलं.

हे पिशवी घेऊन जिना उतरायला लागले. मी मागोमाग गेले, कारण माझा भरवसा नव्हता.

बाईंनी दार उघडलं. हे खुर्चीवर बसले नाहीत. उभ्या-उभ्याच सांगितलं, खिळ्यापासून, एका दमात, मधे कुठे 'पण' किंवा 'त्याचं असं झालं' न म्हणता. एवढं बरं मी यांना आयुष्यात बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तरी मला यांच्याकडे बघवत नव्हतं. पिशवी यांनी मेजावर ठेवली. "ही माझी नाही," म्हणाले.

बाईंनी त्या वाळलेल्या भिंतीवर हात ठेवला.

"म्हणजे माझ्या बाथरूमला काहीच झालं नव्हतं?"

"नाही."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. मला माहीत होतं, बाई."

त्या उठल्या. आम्हाला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. दोरीवरचा टॉवेल घेतला, बाथरूममध्ये गेल्या आणि कडी लावली. थोड्या वेळाने पाणी सुरू झालं. टब नव्हे, मग नव्हे, शॉवर. ते फरशीवर पडत होतं आणि पडतच होतं. मी यांना खुणेने म्हटलं, चला. हे हलले नाहीत. आता खुर्चीच्या कडेवर बसले होते, तळहात गुडघ्यांवर पालथे घालून. यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचंही यांना सुचत नव्हतं. जन्मभर हा माणूस पाण्याचा आवाज आला की बंद करायला धावला. आज नुसता ऐकत बसला होता.

पाणी थांबलं. कडी निघाली. बाई बाहेर आल्या, केसांतून पाणी ठिबकतंय, चेहरा लाल. आमच्याकडे न बघता त्या वळल्या, दारामागचं चादरीचं फडकं उचललं, आणि उंबऱ्यापाशी गुडघे टेकून फरशी पुसायला लागल्या.

"बाई, नको," हे कसेबसे म्हणाले. "आता गरज नाही."

त्या थांबल्या. हातातल्या फडक्याकडे पाहिलं.

"हो की. हात आपोआप गेला." फडकं त्यांनी पिळलं नाही, टाकलंही नाही. मग पहिल्यांदा यांच्याकडे बघून म्हणाल्या, "त्याच दिवशी सांगितलं असतंत ना, तर मी नुसती हसले असते हो."

हे उठले, त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि फडक्यासाठी हात पुढे केला. बाईंनी ते दिलं नाही.